कलेची घडणावळ कोण देणार, बॉस?

गाणं आपल्या हळदीत वाजतं, चित्र आपल्या डीपीवर झळकतं. पण ज्याचं ते आहे, त्याच्या खिशात काय पडतं? जळगाव-धुळ्याचा एक फेरफटका... आणि चांगला फॅन होण्याचे काही साधेसोपे फंडे!

जळगावच्या सराफ बाजारात कधी आईबरोबर खरेदीला गेलायत? नसाल गेलात तर एकदा जाच. तिथल्या बायकांना सोन्याचा भाव तोंडपाठ असतो. तरीही पोत हातात घेतली की पहिला प्रश्न असतो, "भाऊ, घडणावळ काय लावणार?" मग घासाघीस होते, चहा होतो, जुन्या ओळखी निघतात. पण इतकं होऊनही "घडणावळ देणारच नाही" असं कुणी म्हणत नाही. सोनं काय, बिस्किटातही असतंच. त्याची पोत होते ती कारागिराच्या हातानं, आणि त्या हाताचे पैसे वेगळे मोजायचे असतात. एवढं शहाणपण आपल्या आज्यांकडेसुद्धा होतं.

आता हाच नियम जरा चित्रकाराला लावून बघा. गायकाला लावा. लग्नात कॅरिकेचर काढणाऱ्या मुलीला लावा. "कागद-रंगाचे पैसे देतो ना, अजून कसले?" "दोनच तर गाणी म्हणायचीयत, आमच्याकडे क्राउड बघ किती आहे!" "एक्सपोजर मिळेल यार!" थोडक्यात काय, सोन्याचे पैसे देऊ, घडणावळ माफ!

मी स्वतः फ्रीलान्सर आहे. अमळनेरची, सध्या मुक्काम पुणे. त्यामुळे 'एक्सपोजर' या चलनात कुठलाच घरमालक भाडं घेत नाही, हे मला नीट माहीत आहे. गेल्या काही महिन्यांत घरी जाता-येता जळगाव, धुळे, चाळीसगाव असं भटकताना एकच प्रश्न डोक्यात होता. आपल्या भागातला एखादा कलाकार स्वतःच्या हिमतीवर काम करत असेल, पाठीशी कंपनी नाही, गॅलरी नाही, लेबल नाही, तर त्याला टिकवतं कोण? सरकार? नशीब? की आपण?

हळदीत हिट, खिशात निल!

खान्देशात लग्न म्हणजे बँड हवाच. आणि बँडवर अहिराणी गाणं हवंच. 'हाई झुमकावाली पोर' पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमधल्या हळदीपर्यंत पोचलं, तेव्हा माझ्या कोकणातल्या मैत्रिणीही अर्थ न कळता नाचत होत्या. सॉलिड अभिमान वाटला! पण मनात आलं, गाव-गाव हे वाजतंय तर गीतकाराला किती मिळत असेल?

उत्तर ऐकून बसाल. लग्नातल्या वाजण्याचे... काहीच नाही. आणि ते कायद्यानुसारच आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ काही गोष्टींना सूट देतं. धार्मिक समारंभात वाजवलेलं संगीत त्यात येतं, आणि लग्नाची वरात व लग्नाला जोडून होणारे सोहळेही त्यातच धरलेत. म्हणजे हळदीत गाणं वाजवलं म्हणून वधूपित्याला रॉयल्टी भरावी लागत नाही. एका अर्थी बरोबरच आहे, नाहीतर गरीब घरच्या लग्नात कोण पावत्या फाडत बसणार? पण गंमत बघा. अहिराणी गाण्याचं सगळ्यात मोठं स्टेज कुठलं, तर लग्न! आणि नेमकी तिथेच कमाई शून्य.

मग या मंडळींची चूल पेटते कशावर? एक, सुपारी. म्हणजे गावच्या जत्रेत, गणपतीत, वाढदिवसाला मिळणारा लाइव्ह शो. दोन, यूट्यूब. इथेही गणित आहे. चॅनलला जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला किमान १,००० सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात ४,००० तास तरी लोकांनी व्हिडिओ बघितलेले असावे लागतात. (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज!) आता तुम्ही तेच गाणं कुणीतरी उचलून स्वतःच्या चॅनलवर टाकलेल्या कॉपीवर ऐकलंत, तर तुमचे ते चार मिनिटं गेले चोराच्या खात्यात. एवढं साधं आहे. ओरिजिनल चॅनल शोधायला दहा सेकंद लागतात.

तीन, रॉयल्टी. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून कायमचा लिहून घेता येत नाही. तो वारसांना देता येतो किंवा वसुली करणाऱ्या संस्थेकडे सोपवता येतो, बस्स. गीतकार-संगीतकारांसाठी अशी वसुली 'आयपीआरएस' करते. पण त्यासाठी सभासद व्हावं लागतं, गाण्यांची नोंद करावी लागते, फॉर्म भरावे लागतात. शिरपूर-चोपड्याकडच्या किती पोरांना हे कुणी सांगितलं असेल? तुमच्यापैकी जे सीए आहेत, वकील आहेत, एचआरमध्ये दिवसभर फॉर्मच भरून घेतात, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा. तुमची एक रविवारची दुपार इथे कामाला येऊ शकते.

आणि हो, यश मिळतच नाही असं नाही. जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड आणि त्याचा संगीतकार जोडीदार जी-स्पार्क यांचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये देशभर गाजलं. धुळ्याहून मुंबई-आग्रा हायवेने तासाभरावर मालेगाव. तिथे नासिर शेखने २००० साली दोस्तांना जमवून 'मालेगाव के शोले' काढला. ना स्टुडिओ, ना स्टार. मित्रांनीच अभिनय केला, मित्रांनीच हमाली केली. त्या वेडावर फैझा अहमद खानने 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंट्री बनवली, आणि २०२५ मध्ये रीमा कागतीचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरला लागला. म्हणजे वेडाला दाद मिळते. फक्त पंचवीस वर्षं दम धरायची तयारी हवी! आणि तेवढा काळ पोटाचं बघणारं कुणीतरी हवं.

एक वही, एक मुलगा, एक संपादक

आता जरा मागे जाऊ. खान्देशची सगळ्यात मोठी 'इंडिपेंडंट आर्टिस्ट' कोण? माझं मत बहिणाबाई चौधरींना!

१८८० मध्ये असोद्याला जन्म, जळगावात संसार. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी ओव्या सुचायच्या आणि हवेत विरून जायच्या. त्या उरल्या कशा? मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी त्या ऐकून कागदावर उतरवून घ्यायचे. बस्स, एवढंच. कुणीतरी शेजारी बसून लिहून घेतलं. आजच्या भाषेत, डॉक्युमेंटेशन केलं.

३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. सोपानदेव स्वतः कवी होते. पण अशिक्षित आईच्या गाण्यांचं लोक कौतुक करतील का, याबद्दल त्यांना संकोच होता म्हणतात. अत्र्यांनी ती वाचून बावनकशी सोनं असल्याचा निर्वाळा दिला, आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. शाळेच्या पुस्तकात त्या आल्या आणि २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. (जाता जाता, क्विझसाठी लक्षात ठेवा, त्यांची भाषा लेवा गणबोली. सरसकट 'अहिराणी' म्हणून मोकळं व्हायचं नाही!)

या गोष्टीत मला भावतात ती दोन माणसं. एक, लिहून घेणारा. दोन, ओळख करून देणारा. दोघांच्याही खिशाला फारसा खर्च पडला नाही. एकानं वेळ दिला, दुसऱ्यानं आपलं नाव पणाला लावलं. आणि एक गोष्ट मात्र कायम सलते, हे सगळं बघायला बहिणाबाई नव्हत्या. पुस्तक आलं तेव्हा त्यांना जाऊन वर्ष झालं होतं किंवा होत आलं होतं.

म्हणून माझा पहिला फंडा. आपल्या आसपास कुणी वहीगायन करणारे आजोबा असतील, आखाजीची गाणी म्हणणारी आत्या असेल, तमाशात सोंगाड्याचं काम केलेले काका असतील तर मोबाइल काढा आणि रेकॉर्ड करा. नाव, गाव, तारीख नीट लिहा. आणि त्यांना विचारून, त्यांच्या नावासकट लोकांपुढे ठेवा. 'अननोन फोक सिंगर' असं लिहून मोकळं होऊ नका. त्या बाईला नाव आहे!

गोंदूरचा मुलगा आणि त्याचे मास्तर

धुळ्याजवळचं गोंदूर. १९२५ मध्ये तिथे एका सुतारकाम करणाऱ्या घरात एक मुलगा जन्मला. हात चांगला होता. पण खेड्यातल्या किती मुलांचा हात चांगला असतो, आणि पुढे काय होतं? या मुलाला श्रीराम कृष्ण जोशी नावाचे गुरू भेटले. त्यांनी त्याच्यातलं पाणी ओळखलं, पाठबळ दिलं आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. मुलगा तिथून मेयो सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. त्याचं नाव राम सुतार.

पुढचा भाग आपल्यासारख्या नोकरदारांनी नीट ऐकावा. शिकून झाल्यावर राम सुतारांनी आधी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, वेरूळ-अजिंठ्याच्या शिल्पांची डागडुजी केली. मग दिल्लीत माहिती व प्रसारण मंत्रालयात लागले. सरकारी नोकरी! पण १९५९ मध्ये त्यांनी ती सोडली आणि स्वतंत्र शिल्पकार म्हणून उभे राहिले. फ्रीलान्सर! चंबळच्या गांधीसागर धरणावरचं ४५ फुटी शिल्प हे त्यांचं सुरुवातीचं मोठं काम. तिथून सुरू झालेला प्रवास २०१८ मध्ये १८२ मीटरच्या 'स्टॅच्यू ऑफ युनिटी'पर्यंत पोचला. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून ते गेले.

सगळेच राम सुतार होणार नाहीत, मान्य. पण त्यांच्या गोष्टीत दोन प्रकारचा आधार दिसतो. आधी एक मास्तर, ज्यानं दार दाखवलं. मग ऑर्डर देणारे लोक. नोकरी सोडलेल्या कलाकाराला शाल-श्रीफळापेक्षा पुढची ऑर्डर जास्त उपयोगाची. सत्कार छान असतो, फोटोही छान येतो, पण महिन्याचं किराणा सत्कारावर येत नाही.

चाळीसगाव स्टेशनजवळचा बंगला

आता एक अगदी उलटी गोष्ट. मुंबईहून जळगावला जाताना चाळीसगाव लागतं. स्टेशनच्या जवळच एका बंगल्यात केकी मूस राहत. १९१२ चा जन्म, १९८९ मध्ये निधन. पारशी घराणं, इंग्लंडपर्यंत जाऊन कलेचं शिक्षण, आणि मग या रेल्वेच्या गावात जवळजवळ घरातच बंद करून घेतलेलं आयुष्य. फोटोग्राफी, चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्यांची ओरिगामी, सतार... काय नव्हतं या माणसाकडे! टेबलावर छोट्या वस्तू मांडून अख्खा देखावा उभा करायचा आणि त्याचा असा फोटो काढायचा की बघणाऱ्याला तो खराच वाटावा, ही त्यांची खासियत. 'टेबल-टॉप फोटोग्राफी' म्हणतात त्याला. फोटोशॉप यायच्या कितीतरी आधी!

ते कुणाची तरी वाट बघत रोज रात्री ठरावीक गाडीच्या वेळी दार उघडं ठेवायचे, अशी गोष्ट चाळीसगावात सांगतात. रोमँटिक आहे, म्हणून सगळ्यांना तीच आठवते. मला मात्र त्यांच्या कामाचा विचार जास्त आला. कलाकार गेल्यावर त्याच्या निगेटिव्ह, चित्रं, वस्तू यांचं काय होतं? बहुतेक घरांत उत्तर सोपं असतं, रद्दी! इथे मात्र त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठाननं हा ठेवा सांभाळला आणि तो लोकांना बघता येतो. तुम्ही कितीदा या गाडीनं गेलात? कितीदा उतरलात? अजिंठ्याला किंवा पाटणादेवीला जाताना वाट जरा वाकडी करा. चांगला फॅन होण्यात हेही येतं, उठून जाऊन बघणं.

जिवंत कार्यक्रमांचंही तसंच. जळगावात चांदोरकर प्रतिष्ठान दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव भरवतं. 'परिवर्तन' ही संस्था नाटकं आणि अभिवाचनाचे प्रयोग करते. असे कार्यक्रम चालतात ते समोर माणसं बसतात म्हणून. सुट्टीला घरी गेल्यावर भरीत पार्टी तर होणारच, पण त्याच वीकेण्डला एखादा प्रयोग असेल तर दोन तास तिथेही द्या. तिकीट असेल तर तिकीट काढा. "आपल्या ओळखीचा आहे, पास देईल" हा विचार तेवढा मनातून काढा. ओळखीच्यांनीच तर तिकीट काढायचं असतं!

देवपूरची पोस्टकार्डं

आता आजची गोष्ट. धुळ्यात देवपूरला माझी एक मैत्रीण राहते. एटीडी केलेली चित्रकार. नाव देत नाही, कारण हिशेब तिच्या घरचा आहे. ती लग्नाचे बॅकड्रॉप रंगवते, शाळांच्या भिंती रंगवते, ऑर्डर आली तर पोर्ट्रेट करते. काम भरपूर. पैसे? कधी दिवाळीनंतर, कधी 'साहेब बाहेरगावी आहेत', कधी "ताई, तुमचंच नाव होतंय ना". एका आयोजकानं तर अख्खी भिंत रंगवून घेतली आणि मानधन म्हणून ट्रॉफी दिली. ट्रॉफीवर तिचं आडनाव चुकलेलं होतं!

घरच्यांनी शेवटी मुदत दिली. आखाजीपर्यंत बघ, नाहीतर नाशिकला मामांच्या ऑफिसात बस. घरचे वाईट नव्हते हो. काळजीच होती ती. खान्देशात लेक आखाजीला माहेरी येते, झोके बांधतात, गाणी होतात. तिच्या घरी त्या वर्षी झोक्यापेक्षा या तारखेचीच चर्चा जास्त होती.

आम्ही पुण्यातल्या सात जणींनी एक गोष्ट केली. प्रत्येकीनं महिन्याला ५०० रुपये तिच्या खात्यात टाकायचे. मदत म्हणून मुळीच नाही. त्या बदल्यात ती दर महिन्याला आम्हाला धुळ्यावर काढलेल्या चित्रांच्या चार पोस्टकार्डांचा सेट पाठवणार. कधी पांझरेचा काठ, कधी लळिंगचा किल्ला, कधी बाजारातली मिरचीवाली. झाले ३,५०० रुपये. यात काय होतं, असं तुम्ही म्हणाल. सांगते. त्यात तिचा कागद, रंग आणि इंटरनेट भागलं. आणि महत्त्वाचं म्हणजे ते पैसे १ तारखेला येणार हे तिला माहीत होतं. फ्रीलान्सरच्या आयुष्यात 'येणार' आणि 'येतील' यात जमीन-अस्मानाचा फरक असतो!

पोस्टकार्डं ऑफिसच्या डेस्कवर लागली. लोकांनी विचारलं. सातच्या बावीस झाल्या. ११,००० रुपये. एकीच्या कंपनीनं दिवाळीच्या गिफ्टसाठी शंभर सेट मागवले आणि निम्मे पैसे आधी दिले. आखाजी आली आणि गेली. ती नाशिकला गेली नाही. श्रीमंत झालेली नाही, अजूनही भिंतींचे पैसे अडकतातच. पण आता फोनवर ती रेट सांगते आणि सांगून गप्प बसते. समोरच्याला बोलू देते. हे तिला आधी जमत नव्हतं.

जगात याला नावं आहेत बरं का. २००८ मध्ये केविन केली या अमेरिकन लेखकानं 'हजार खरे फॅन' असा विचार मांडला. कलाकाराला लाखोंची गर्दी लागत नाही, थोडे पण पक्के लोक पुरतात. २०१३ मध्ये 'पेट्रिऑन' आलं, तिथे फॅन दरमहा पैसे देतात. 'रेडिओहेड' या बँडनं २००७ मध्ये अल्बम इंटरनेटवर टाकून 'वाटेल ते द्या' सांगितलं होतं. पण आपल्याकडे याहून भारी काम आधीच झालंय. १९७६ चा श्याम बेनेगल यांचा 'मंथन' आठवतो? गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि पिक्चर उभा राहिला. वर्गणी तर आपल्या रक्तात आहे यार! गणपतीला काढतो, भंडाऱ्याला काढतो. एखाद्या चित्रकारासाठी काढायला काय हरकत आहे?

फॅनचा हिशेब : हे करून बघा!

• आधी रेट विचारा. 'किती घेशील' म्हणून घासाघीस सुरू करण्याआधी 'तुझा रेट काय' हे विचारा. बजेट कमी असेल तर काम कमी सांगा. चार चित्रांऐवजी दोन.

• विसार द्या. मंगल कार्यालय बुक करताना देता ना? तसाच. निम्मे आधी, उरलेले काम हातात पडल्यावर. अमळनेरला एका बँडवाल्या काकांनी मला एका वाक्यात सगळं सांगितलं, "ताई, चार पैसा कमी द्या, पन येळवर द्या!"

• लिहून घ्या, लिहून द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळीही चालतील. काय काम, किती पैसे, कधी, कुठे वापरणार. आपल्या कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा किंवा पेंटिंगचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून मोठ्या मनानं लिहा, 'मला कॅलेंडरपुरता वापर हवा, हक्क तुझाच.' आणि कलाकारांनो, हक्क लिहून देताना मुदत टाका. मुदत लिहिलीच नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो.

• नाव टाका. रील बनवलं तर गाणाऱ्याला टॅग करा. पोस्टर छापलं तर कोपऱ्यात चित्रकाराचं नाव. 'फॉरवर्डेड' चित्रातून सही कापून टाकणं ही सरळ चोरी आहे.

• ओरिजिनलवर जा. सबस्क्राइब, लाइक, दोन ओळींची कमेंट. फुकट आहे, आणि 'नाइस' पेक्षा 'दुसऱ्या कडव्यातली ढोलकी आवडली' हे कलाकाराला जास्त दिवस पुरतं.

• ऑफिसला कामाला लावा. दिवाळी गिफ्टचे तेच ते ड्रायफ्रूटचे डबे किती वर्षं? कॅलेंडर, डायरी, वॉल पेंटिंग, अ‍ॅन्युअल डेचा कार्यक्रम, यात एखादा जळगाव-धुळ्याचा कलाकार सुचवा. तुम्हाला फक्त एक मेल टाकायचा असतो. आणि बिल निघेपर्यंत अकाउंट्सच्या मागे लागायचं काम तुमचं, त्याचं नव्हे.

• घरी बैठक करा. वीस माणसं, सतरंजी, शेवभाजी. प्रत्येकी ३०० रुपये ठेवले तरी ६,००० होतात. एका कवीच्या, एका गायकाच्या संध्याकाळसाठी ही सुरुवात वाईट नाही.

• आपलं कौशल्य द्या. इंग्रजी मेल लिहून द्या, पोर्टफोलिओची पीडीएफ करून द्या, रिटर्न भरायला शिकवा, टीडीएस कापलाय तर सर्टिफिकेट मिळवून द्या.

• म्हाताऱ्या कलाकारांना योजना सांगा. पन्नाशी ओलांडलेल्या साहित्यिक-कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालते आणि २०२४ मध्ये मानधन दरमहा ५,००० रुपये झालं. पात्रतेच्या अटी आहेत, कागदपत्रं लागतात. ती कागदपत्रं जमवणं म्हणजे गावाकडच्या कलाकाराचा अर्धा जीव जातो. तुम्ही शनिवारी घरी जाताच ना?

फुकट काम कधीच नको का?

असं नाही. बहिणीच्या लग्नात भाऊ गाईलच. मित्राच्या दुकानाच्या उद्घाटनाला चित्रकार मित्र रांगोळी काढेलच. गावच्या शाळेला, पूरग्रस्तांना, कुठल्या चांगल्या कामाला कलाकार आपणहून वेळ देतात आणि सगळ्यात आधी देतात. पण ते त्यानं ठरवायचं असतं. मंडपवाल्याला पैसे, केटररला पैसे, डीजेला पैसे आणि कलाकाराला 'आपल्याच घरचं कार्य समज' असं असेल, तर घरचं कार्य फक्त त्याच्याचसाठी कसं?

आणि सगळंच आवडलं पाहिजे असंही नाही. नाही आवडलं तर घेऊ नका, ऐकू नका, तोंडावर सांगा. गिऱ्हाईक म्हणून तेवढा हक्क तुम्हाला आहेच. दया मात्र नको. दया एकदाच येते, गिऱ्हाईक परत परत येतं.

तर आता एक काम करा. तुमच्या फोनमध्ये असा एक तरी नंबर नक्की असेल. कॉलेजात पोर्ट्रेट काढणारी ती, गॅदरिंगला अहिराणी गाणारा तो, गल्लीतला बासरीवाला. त्याच्या स्टेटसला तुम्ही कितीदा बदाम टाकलाय? आज बदाम राहू दे. तीन शब्द टाइप करा आणि पाठवून द्या.

'तुझा रेट काय?'